माझंच पुस्तक, दीडशे रुपयांना

आज आधार कार्डाची झेरॉक्स काढायला कॉलेजच्या गल्लीतल्या दुकानात गेले. काउंटरमागे स्पायरल केलेल्या प्रतींची चळत होती. वरच्या प्रतीवर मार्करने लिहिलेलं, एम.ए. भाग १, पेपर ३. खाली माझं पुस्तक! मुखपृष्ठ काळंपांढरं, माझं आडनाव अर्धं कापलेलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हवंय का? दीडशे. नव्या बॅचसाठी काढून ठेवलीत." घेतलं. पैसे दिले. रस्त्यावर आल्यावर डोकं फिरलं.

कृपा करून "हा तर तुमचा सन्मान" असं खाली लिहू नका. व्हॉट्सअॅपवर दोघांनी लिहून झालंय. सन्मानावर दूधवाला दूध देत नाही.

दुकानदारावर राग नाही. (होता, घरी पोचेपर्यंत.) पुस्तक बाजारात मिळतच नाही. दुसरी आवृत्ती "काढतोय, काढतोय" हे प्रकाशकांकडून ऐकतेच आहे. मग उदगीर-बार्शीहून आलेल्या, मेसचे पैसे कसेबसे भरणाऱ्या पोरांनी परीक्षेला काय वाचायचं?

दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी झेरॉक्स या दुकानावर, अभ्यासक्रमातल्या पुस्तकांचे भाग छापून पोरांना विकतं म्हणून, २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा लावला, तेव्हा आपण सगळे पोरांच्या बाजूने होतो. अमर्त्य सेनांनीसुद्धा प्रकाशकांना दावा चालवू नका म्हणून कळवलं होतं. २०१६ च्या सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एंडलॉ यांनी दावा फेटाळला, कॉपीराइट हा काही दैवी हक्क नाही असंही सुनावलं. डिसेंबरात खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला लावले, पण मुळात शिकवण्यासाठी नक्कल करायला मुभा आहे हे उचलून धरलं. पुढच्या मार्चमध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या, आजही वाजवीन.

पण पोरांकडून घेऊ नका म्हणजे लेखकाला देऊच नका, असं कुठे ठरलं? ते दीडशे रुपये कागदाला गेले, टोनरला गेले, स्पायरलला गेले, दुकानाच्या भाड्याला गेले. या साखळीत फुकट राबलेला माणूस एकच.

इंग्लंडात लीड्सला शिकवणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. तिकडच्या लेखकांच्या संस्थेकडून, एएलसीएसकडून, तिच्या खात्यात पैसे येतात. पुस्तकाचे नव्हे, नियतकालिकातल्या लेखाच्या झेरॉक्सचे! शाळा, विद्यापीठं, कंपन्या वर्षाचा परवाना घेतात. काही ठिकाणी कशाच्या प्रती निघाल्या याची नमुना-नोंद होते आणि त्यावरून प्रकाशक, लेखक, चित्रकार यांच्या संस्थांकडे वाटे जातात. लेखकाने फक्त आपलं लेखन नोंदवायचं. "बाई, रक्कम काही मोठी नसते हो," ती म्हणते. नसू दे ना! कुणीतरी मोजतंय. इथे माझं नावसुद्धा कटरखाली गेलं.

जर्मनीत तर १९८५ पासून झेरॉक्स मशीनवरच आकार बसतो, तो लेखकांच्या संस्थेकडे जातो. विद्यार्थ्याला वेगळी पावती फाडावी लागत नाही. तिथेही प्रकाशक ठरावीक वाटा आधीच उचलत होते. मार्टिन फोगेल नावाचे एक लेखक कोर्टात गेले आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हा पैसा लेखकांचा. प्रकाशकांना घेतलेलं परत करावं लागलं. पुढे २०२१ मध्ये कायदा बदलून त्यांना वाटा पुन्हा मिळाला, पण लेखकाचे सर्वसाधारणपणे किमान दोन तृतीयांश धरून. तिथे भांडण वाट्यावरून होतं हो! आपल्याकडे वाटायलाच काही नाही.

आपल्याकडेही या कामासाठी दिल्लीत इंडियन रिप्रोग्राफिक राइट्स ऑर्गनायझेशन आहे. आमच्या लिहिणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं, एकालाही नाव माहीत नव्हतं. माझ्या करारात झेरॉक्सच्या पैशाबद्दल एक ओळ नाही. भाषांतराचे, नाट्यरूपांतराचे हक्क मात्र व्यवस्थित लिहून घेतलेत, जणू भाषाविज्ञानाच्या पुस्तकावर कुणी नाटक बसवणार आहे.

"असा पैसा जमला तर समित्या खाऊन टाकतील" हे तुम्ही म्हणणार. खातील थोडा, मान्य. गीतकारांनाही हेच ऐकवलं जायचं. जावेद अख्तर राज्यसभेत भांडले, २०१२ च्या दुरुस्तीत सिनेमातल्या गाण्यांच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकारांचा वाटा कायद्यात आला, तो लिहून देऊन टाकायचीही सोय ठेवली नाही. क्रमिक पुस्तकं लिहिणारे आपण कुणासाठी भांडलो?

प्रकाशकांना आताच मेल टाकली आहे. दुसरी आवृत्ती काढा, नाहीतर हक्क परत द्या म्हणजे मीच पीडीएफ करून पोरांना फुकट वाटीन. आणि नव्या करारात छायाप्रतींच्या उत्पन्नाची ओळ हवी, दोन तृतीयांश माझे. ज्यांची पुस्तकं अभ्यासक्रमाला लागली आहेत त्यांनी आपापले करार काढून बघा आणि झेरॉक्सबद्दल काय लिहिलंय ते खाली टाका. प्रकाशकाचं नाव नको, फक्त ती ओळ.