जंत नाहीत, स्वप्न आहे

काल दुपारी आमचा कुत्रा बंड्या ओट्यावर गोणपाट टाकून दिलंय त्यावर पसरला होता. एकाएकी पुढचे पंजे पळायला लागले, मिशा थरथरल्या आणि मिटल्या तोंडातूनच "बुफ्... बुफ्" सुरू झालं. पापण्यांखाली बुबुळं गरागरा फिरत होती. शेजारचे काका फाटकाशी थांबले. "जंत झालेत त्याला, औषध द्या." म्हटलं, काका, स्वप्न पडतंय. ते असे हसले, जणू मी बंड्याचं आधार कार्ड काढायला निघालेय!

तर काका, ऐका. बुबुळं फिरणारी ही झोप माणसांत १९५३ साली नोंदवली गेली. त्या झोपेतून उठवलं की माणसं बहुतेकदा स्वप्न सांगतात. कुत्र्या-मांजरांनाही तीच झोप लागते. त्या वेळी मेंदू अंगातले स्नायू जवळजवळ बंद ठेवतो, म्हणून तर स्वप्नात पळूनही आपण अंथरुणातच असतो. फ्रान्समध्ये मिशेल झुवे या शास्त्रज्ञांनी मांजरांच्या मेंदूतला नेमका हा बंदोबस्त निकामी केला. मांजरं झोपेतच उठली, दबा धरून बसली, समोर नसलेल्या कशावर तरी झडप घालू लागली. वाचताना पोटात कालवलं, पण माझी शंका तिथेच फिटली.

२००१ साली अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात तर उंदीर गोल वाटेवर पळवून त्यांच्या मेंदूतल्या पेशी टिपल्या. झोपेत पुन्हा त्याच पेशी त्याच क्रमाने जाग्या होत होत्या. उंदीर झोपेत वाटेवर कुठवर पोचलाय, तेही ओळखता येत होतं म्हणे! मनी वसे ते स्वप्नी दिसे, आणि उंदराच्या मनी दुसरं काय वसणार?

बंड्या रोज सकाळी माझ्यासोबत रामकुंडापासून गाडगे महाराज पुलापर्यंत येतो. काल तिथल्या कबुतरांमागे जीव खाऊन धावला, एकही हाती लागलं नाही. दुपारचे पंजे त्याच हिशेबातले असावेत, असा माझा अंदाज.

बहीण म्हणते, "अगं, तो स्वप्नात तुलाच बघतो." हे मात्र मला पटत नाही. उंदरांना स्वप्नात पळायची वाट दिसली, शास्त्रज्ञांची तोंडं पाहिल्याचं काही माझ्या वाचनात नाही. पाळणाऱ्यांना आपलं कौतुक फार!

जंताचं औषध दिलं हो. काका रोज विचारतात. पंजे आजही पळतायत.