गार्ड खाली सोडू नका

बॉक्सिंगच्या चित्रपटाला जाताना खिशात रुमाल ठेवू नका. रुमाल ही कबुली आहे. तो नेणारा माणूस घरातूनच हरून निघालेला असतो. आपण मारामारी बघायला चाललोय, हे स्वतःला दोनदा बजावा आणि मगच आत जा. पोस्टरवर ग्लोव्हज असतात, घाम असतो, सुजून बंद झालेला एक डोळा असतो. त्या डोळ्यामागे वारलेली बायको, दुरावलेला मुलगा आणि दारू सुटत नसलेला म्हातारा प्रशिक्षक दबा धरून बसलेत, हे पोस्टर सांगत नाही. भल्याभल्यांची फसगत होते ती इथेच. कौटुंबिक चित्रपटाला जो माणूस छातीला कुलूप लावून जातो, तोच इथे ठोसे बघायला म्हणून मोकळ्या अंगाने येतो आणि पहिल्या अर्ध्या तासात बरगडीखाली खातो.

डोळ्यांची काळजी सगळेच घेतात. दगा देतं ते नाक. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक नळी निघते आणि ती नाकात उघडते. म्हणून तुम्ही पापणी न लवता छताकडे बघत राहिलात तरी पाणी मागच्या दाराने खाली उतरतं, आणि ऐन शांत प्रसंगात ‘सूं’ असा आवाज होतो. चार रांगांना कळतं. तेव्हा नाक ओढायचं ते फक्त घंटेच्या आवाजात. प्रत्येक फेरीला दोन घंटा मिळतात, एक सुरू होताना आणि एक संपताना. जपून वापरा. नायक इस्पितळात असतो तेव्हा घंटा नसते. तिथे खोकावं लागतं.

यापेक्षा भक्कम बचाव हवा असेल तर तज्ज्ञ व्हा. त्याला फार वाचन लागत नाही. 1867 मध्ये बॉक्सिंगचे क्वीन्सबेरी नियम प्रसिद्ध झाले, तेव्हा फेरी तीन मिनिटांची, मधली विश्रांती एका मिनिटाची आणि खाली पडलेल्याला उठायला दहा सेकंद असं ठरलं, एवढं पाठ असलं तरी पुरतं. पडद्यावर त्या एका मिनिटात प्रशिक्षक नायकाला त्याच्या आईची आठवण करून देतो, स्वतःच्या हुकलेल्या आयुष्याची कहाणी सांगतो, जुना गुन्हा कबूल करतो, शिवाय नायकाला पाणीही पाजतो. आई आली की लगेच शेजाऱ्याकडे झुका आणि हलक्या आवाजात सांगा, की खऱ्या कोपऱ्यात असलं काही होत नाही. कटमन, म्हणजे जखमा सांभाळणारा मदतनीस, गार धातूचा तुकडा सुजेवर दाबत असतो, भुवईच्या जखमेत अॅड्रेनलिनचा बोळा धरतो, वर व्हॅसलिन फासतो, आणि तेवढ्यात घंटा होते. शेजारी हुंदके देत असेल तर हे जरा सविस्तर सांगा.

मग गार्डकडे वळा. खरा बॉक्सर हनुवटी खाली आणि हात वर ठेवतो. आपला नायक दोन्ही हात मांडीपर्यंत सोडून ठोसे चेहऱ्यावर घेतो, कारण हात वर असले तर चेहरा दिसत नाही, आणि निर्मात्याने पैसे चेहऱ्याचे मोजलेले असतात. शुद्धीवरच्या कुठल्याही रेफरीने ही लढत तिसऱ्या फेरीत थांबवली असती, हेही म्हणून टाका. त्यात तथ्य आहे, आणि बोलता बोलता आवंढा गिळून होतो.

अगदीच गळ्याशी आलं तर शेवटचं अस्त्र म्हणून पडद्यामागच्या गोष्टी सांगा. 1980 च्या ‘रेजिंग बुल’मध्ये ठोशांच्या आवाजासाठी खरबुजं आणि टोमॅटो फोडले होते. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप चालून गेलं. रडणाऱ्या माणसाला हे सांगण्यात एक वेगळीच मौज आहे. तुम्ही टोमॅटोसाठी रडताय, असं त्याच्या तोंडावर म्हणायची गरज नसते, त्याचं त्याला उमगतं. मला ही खरबुजं किती वर्षांपासून ठाऊक आहेत. तरी ठोसा बसला की माझ्याच जबड्यात कळ जाते. म्हणजे अस्त्राला धार नाही, असं कृपया समजू नका. माझा हात कच्चा आहे.

आणि समोरचा फार तगडा आहे, हेही ध्यानात घ्या. 1995 साली जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञांनी, प्रयोगशाळेत हुकमी भावना जाग्या करणारे चित्रपटांचे तुकडे कोणते, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुःखासाठी त्यांना सापडलेल्या उत्तम तुकड्यांपैकी एक बॉक्सिंगच्या चित्रपटातला निघाला: 1979 चा ‘द चॅम्प’, त्यातला बाप मेल्यावर त्याच्या लहानग्या पोराने फोडलेला टाहो. लांबी जेमतेम तीन मिनिटं. थोडक्यात, एक फेरी. त्याआधीची कथा माहीत नसलेले, प्रयोगासाठी म्हणून खुर्चीत बसवलेले लोक पहिल्याच फेरीत आडवे होत होते. तुम्ही तर दोन तास त्या पोराबरोबर काढून आलेले असता.

एक अडचणीचा प्रश्न मात्र कधी तरी येणारच: अहो, तो तर हरला, मग तुम्ही टाळ्या कशाला वाजवल्या? 1976 च्या ‘रॉकी’त नायक शेवटी हरतो. पंचांचा निकाल विभागून लागतो आणि प्रतिस्पर्धी जिंकतो. तरी तो चित्रपट पाहिलेल्या कुणालाही विचारा, निम्मे जण छातीठोकपणे सांगतील, की जिंकला ना तो! हा घोळ का होतो त्यात शिरू नका. शिरलात तर तुमच्या लक्षात येईल, की नायक पडतो तेव्हा थिएटरात कुणी रडत नाही. पडलेला असताना सगळे नुसते श्वास रोखून आकडे मोजत असतात. सहा. सात. आठला तो दोरी पकडून एका गुडघ्यावर येतो, आणि तिथे घंटा नसतानाही सगळीकडून ‘सूं’ ऐकू येतं. निकालाला त्यानंतर कोण विचारतो?

दिवे लागले की लगेच उठू नका. श्रेयनामावली वाचा. प्रकाशयोजनेच्या तिसऱ्या साहाय्यकाचं नाव, वाहनचालकांची यादी, ज्यांचे आभार मानलेत त्या संस्था, सगळं. श्रेयनामावली शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे रसिक बॉक्सिंगच्या चित्रपटाला जेवढे भेटतात तेवढे एरवी भेटत नाहीत, आणि त्यातले बरेच जण ती डोळे मिटून वाचत असतात. बाहेर कुणी ‘कसा होता?’ विचारलं तर आधी नुसतं ‘हं’ म्हणून आवाज तपासा. तो सरळ निघाला तरच पुढचं बोला: ‘बरा आहे. थोडा लांबलाय.’ चिरका निघाला तर फोन आल्यासारखं करा. पुढचे दोन दिवस तुम्ही खांदे उचलून चालाल, आरशासमोर हवेत ठोसे माराल, पहाटेचा गजर लावाल. त्यावर उपचार लागत नाही. तिसऱ्या पहाटे आपोआप उतरतं.

हे सगळे डावपेच मी बाबांकडून शिकलो. त्यांचा मुख्य डाव चष्म्याचा होता. प्रशिक्षक खोकायला लागला की ते चष्मा काढून पुसायला घ्यायचे, ते थेट शेवटच्या लढतीपर्यंत. ‘धूळ फार आहे रे,’ म्हणायचे. मिट्ट काळोखात त्यांना धूळ दिसायची. मला नंबर नाही. मी बिननंबरचा करून घेतलाय, खास अशा चित्रपटांसाठी. परवा लेकीला घेऊन गेलो होतो. तिचे डोळेही माझ्यासारखेच ठणठणीत आहेत. नायक सातव्या आकड्यावर असताना तिने अंधारात माझ्यापुढे हात केला आणि समोरून नजर न हटवता म्हणाली, ‘बाबा, तुझा पुसून झाला असेल तर जरा मला दे.’