रुग्णालयातील संमतिपत्राविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

हृदय, यकृत वा पोटाच्या विकारासाठी दाखल होताना संमतिपत्रावर सही केली की रुग्णावर नव्या औषधांचे प्रयोग करण्याची मुभा रुग्णालयाला मिळते, असा संदेश नाशिक रोड, पंचवटी व सिडको भागातील व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत आहे. हे खरे नाही. दाखल होताना किंवा अँजिओग्राफी, एंडोस्कोपीपूर्वी घेतलेली संमती त्या उपचारापुरतीच असते. नव्या औषधाच्या चाचणीसाठी, २०१९ च्या केंद्रीय नियमांनुसार, नैतिकता समितीच्या (चाचणीत रुग्णांचे हक्क व सुरक्षितता जपली जाते का, हे पाहणाऱ्या समितीच्या) मंजुरीनंतर, रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन स्वतंत्र लेखी संमती घ्यावी लागते, आणि रुग्ण त्यातून केव्हाही बाहेर पडू शकतो. जुन्या केसपेपरवरून केलेला अभ्यास ही निराळी बाब; त्यात औषध दिलेच जात नाही. हे नियम राजपत्रात प्रसिद्ध आहेत, शिवाय १५ जून २००९ पासून औषध चाचण्यांची नोंद ‘सीटीआरआय’ या राष्ट्रीय नोंदवहीत बंधनकारक असून ती कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. न वाचता सही करू नका, हा संदेशातील सल्ला मात्र योग्यच आहे. तरीही छातीत दुखणाऱ्या रुग्णाची तपासणी या भीतीपोटी लांबू शकते, म्हणून तो संदेश कृपया पुढे पाठवू नये.