मुलाखत घ्या, पण ऐकू नका

चालू घडामोडींवर मुलाखत घेणं अवघड असतं, ही अफवा पसरवणारे लोक बहुधा पाहुण्याचं बोलणं ऐकत असावेत. ती सवय एकदा सुटली की राजकारण, हवामान, समाज आणि संस्कृती हे चारही विषय तुम्हाला एकाच दुपारी, एकाच खुर्चीत बसून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता उरकता येतात.

सुरुवात तयारीपासून. ती करू नका. तयारीच्या नादाने माणूस कुठवर वाहवत जातो हे ब्रिटिश मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्ट यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या मुलाखतीसाठी बारा दिवसांत जवळपास २९ तासांचं चित्रीकरण, आणि त्याआधी कागदपत्रं उपसत बसलेले संशोधक वेगळेच. एवढं करून हाती काय लागलं? एखादी गोष्ट राष्ट्राध्यक्षाने केली म्हणजे ती बेकायदेशीर नसते, असं निक्सन बोलून गेले. पाहुण्यावर अशी वेळ आणणं शोभतं का? आणि तो पुन्हा तुमच्या वाटेला फिरकेल का, याचाही विचार करा.

त्यापेक्षा पाहुण्याचा परिचय त्याच्याच कार्यालयातून मागवावा आणि पदं, पुरस्कार, समित्या असा सगळा जसाच्या तसा वाचावा. दोन मिनिटं तिथेच खपतात. प्रश्नही आदल्या दिवशी पाठवून द्यावेत. काही जुनी खोडं फक्त विषय कळवतात, प्रश्न कळवत नाहीत. विषय कळला की पाहुणा आकडे घेऊन येतो आणि प्रश्न कळले की उत्तरं पाठ करून येतो, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच आहे, पण पाठ केलेलं उत्तर ऐकायला किती सुबक असतं!

आता प्रश्नाची बांधणी. इथे मात्र हात आखडता घेऊ नका. नमुना पाहा: ‘मंत्रिमहोदय, पुलाचं काम तीन वर्षं रखडलंय, खर्च दुपटीवर गेलाय, लोकांमध्ये नाराजी आहे, विरोधक तर तुमचा राजीनामा मागताहेत आणि तरीही तुम्ही आत्मविश्वासाने निवडणुकीला सामोरे जाताय, तर या सगळ्याकडे तुम्ही कसं बघता?’ यात उत्तर देण्याजोग्या निदान चार गोष्टी आहेत. पाहुणा त्यातली सगळ्यात मऊ, म्हणजे शेवटची उचलणार आणि म्हणणार, ‘मी सकारात्मकतेने बघतो.’ दोघांचीही सुटका. याउलट, ‘वाढीव खर्चाच्या मंजुरीवर सही कोणाची आहे?’ असा सहा शब्दांचा प्रश्न चुकूनही विचारू नये. त्याचं उत्तर म्हणून एक तर नाव येतं, नाही तर नाव टाळलं जातंय हे सगळ्यांना दिसतं. म्हणून ‘कोण’, ‘केव्हा’ आणि ‘किती’ हे शब्द दप्तरातून काढून टाका. ‘काय सांगाल’, ‘कसं वाटतं’ आणि ‘कसं बघता’ एवढ्यावर अख्खी कारकीर्द निघते.

प्रश्नातलं क्रियापद मात्र भडक हवं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मोटारींच्या अपघातांच्या त्याच फिती लोकांना दाखवून वेगाचा अंदाज विचारला होता. ‘धडाधड आदळल्या’ अशा अर्थाचा शब्द वापरला तेव्हा सरासरी उत्तर ताशी ४० मैलांच्या आसपास आलं आणि नुसत्या ‘एकमेकींना लागल्या’ म्हटल्यावर ३२ च्या आसपास. म्हणजे उत्तराचा निम्मा ऐवज प्रश्नातच भरता येतो. ‘जनतेत संतापाची लाट उसळली आहे, ती तुम्ही कशी थोपवणार?’ असं विचारा. पाहुणा लाट थोपवायच्या मागे लागतो आणि लाट आहे की नाही हे तपासायचं दोघांच्याही डोक्यातून जातं.

खरी जोखीम उपप्रश्नात असते. लेखी प्रश्न कसाही असो, उत्तर ऐकून सुचलेला दुसरा प्रश्न घात करतो. १९९७ मध्ये बीबीसीचे निवेदक जेरेमी पॅक्समन यांनी ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांना एकच प्रश्न डझनभर वेळा विचारला: तुरुंग विभागाच्या प्रमुखाचा निर्णय फिरवण्याची धमकी तुम्ही दिली होती का? हॉवर्ड दर वेळी शेजारच्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर देत राहिले आणि नेमकं तेच लोकांच्या लक्षात राहिलं. पुढचा भाग तयार नव्हता म्हणून आपण ताणत बसलो, असं पॅक्समन यांनी नंतर सांगितलं. तेव्हा पुढची क्लिप आधीच लावून ठेवा.

उपप्रश्न सुचूच नये याचा साधा उपाय म्हणजे पाहुणा बोलत असताना कागदावरचा पुढचा प्रश्न मनात घोळवत राहणं. ‘मुद्दा तो नाहीच, खरा मुद्दा असा आहे की...’ हे शब्द कानावर पडले की मान डोलवायची. तो सांधा बदलत असतो आणि गाडी रुळावरून हलताना कोणी तरी हिरवा बावटा दाखवायलाच हवा. उत्तर संपल्यावर दोन-तीन सेकंद शांतता पडू देऊ नका. ती पोकळी माणसाला सोसवत नाही आणि ती भरायला तो न ठरवलेलं बोलून बसतो. लगेच ‘अगदी बरोबर’ म्हणा. खरं तर सगळ्या वाक्यांवर ‘हं... हं...’ करत राहिलात तर आणखी उत्तम. त्यासाठी दोघांना वेगळे कॉलर माईक न लावता मध्ये एकच माईक ठेवावा. वेगळ्या ट्रॅकवर आवाज असले की संकलक तुमचा हुंकार कापून टाकतो. एकाच ट्रॅकवर ते पाहुण्याच्या शब्दाला असे चिकटतात की सोडवता येत नाहीत.

हवामानबदलावर बोलायचं असेल तर खिडकीबाहेर बघून सुरुवात करा: ‘काल तर चांगलीच थंडी होती, मग तापमानवाढ कुठे गेली?’ कालची थंडी हे रोजचं हवामान आणि ज्याला शास्त्रज्ञ हवामान म्हणतात ती साधारण ३० वर्षांची सरासरी. मराठीत दोन्हींना सर्रास एकच शब्द वापरतात, ही भाषेने तुमची केलेली सोयच. मुलाखतीच्या आठ मिनिटांतली पाच तज्ज्ञाला हा फरक समजावण्यात घालवावी लागतात. औद्योगिकीकरणाआधी हवेतल्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते आणि आता ४२० च्या वर गेले आहेत, असं काही तो सांगू लागला तर ‘सोप्या भाषेत?’ म्हणून अडवा.

तोल सांभाळायला समोर दुसरा पाहुणा हवाच. मानवी हस्तक्षेपाने पृथ्वी तापली हे निर्विवाद आहे, असं हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या समितीने २०२१ च्या अहवालात लिहिलं. म्हणून काय झालं? स्टुडिओत खुर्च्या दोन आहेत. मात्र बीबीसी रेडिओसारखी चूक करू नका. ऑगस्ट २०१७ मध्ये ब्रिटनचे माजी अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी तिथे सांगितलं की गेल्या दहा वर्षांत जगाचं सरासरी तापमान किंचित घटलं. निवेदकाने ते पुरेसं खोडून काढलं नाही म्हणून नियामक संस्थेने पुढच्या वर्षी नियमभंगाचा ठपका ठेवला. अशा वेळी ‘हा वादाचा विषय आहे’ एवढं पुटपुटावं. शेवटचे वीस सेकंद उरले की मग विचारा, ‘सामान्य माणसाने काय करावं?’

समाजाचा विषय सोपा. एका माणसाला बसवून ‘तुमच्या समाजाला काय वाटतं?’ विचारायचं. लाखो लोकांना काय वाटतं हे तो बिचारा एकटा सांगतो. संस्कृतीसाठी तर पुस्तकाचं मलपृष्ठ पुरतं. ‘प्रेरणा कुठून मिळते?’ या प्रश्नाला पुस्तक वाचायची अट नाही.

संकलनात थोडं लक्ष घाला. पाहुणा उठून गेल्यावर कॅमेरा तुमच्याकडे वळवून पाच-सहा वेगवेगळ्या माना डोलावून ठेवा. त्या कुठेही डकवता येतात, कापलेल्या वाक्याच्या सांध्यावर तर फारच छान बसतात. प्रोमोसाठी ‘आरोप सिद्ध झाले तर मी राजीनामा देईन’ यासारखं वाक्य शोधा. मराठीत अट आधी येते आणि क्रियापद शेवटी, म्हणून कात्री पुढून चालवावी.

एक शेवटचं. दिवे बंद झाले की पाहुणा पाण्याचा घोट घेतो आणि खुर्चीत सैलावून म्हणतो, ‘खरं सांगू का...’ छापू नये असं आधी ठरलेलं नसेल तर हे बोलणंही वापरता येतं, पण त्या भानगडीत कोण पडतो? तुम्ही केबल गुंडाळत राहा. कोपरावर पीळ देऊन गुंडाळली तर ती आतून तुटते, तेव्हा सगळं लक्ष तिथेच असू द्या.