तीन किलोमीटरची मोहीम

साताऱ्यात ऑफरोड छापाची मोटरसायकल घेणाऱ्याला ‘कशाला रे बाबा?’ म्हणून विचारलं, की उत्तर ठरलेलं. कास! यवतेश्वरचा घाट, पुढे पठार, बामणोलीकडची वळणं, ढगात शिरणारी गाडी वगैरे. प्रत्यक्षात ही गाडी रोज जाणार असते गोडोलीहून पोवई नाका, तिथून राजपथाने चढत राजवाडा, आणि येताना खालच्या रस्त्याने दळण घेऊन घरी. एका बाजूचं अंतर तीन-साडेतीन किलोमीटर. कासचा योग वर्षातून एकदा, फुलांच्या दिवसांत, आणि तोही पार्किंगच्या रांगेत उभं राहण्यासाठी.

माझा या गाड्यांना विरोध आहे असं कुणी समजू नये. गणपती येईपर्यंत आपल्या रस्त्यांची जी चाळण झालेली असते, ती पाहता २१ इंची पुढचं चाक मणक्याच्या डॉक्टरनेच लिहून द्यायला हवं. मोठं चाक खड्ड्यात कमी बुडतं आणि पलीकडच्या कडेवर सहज चढतं. उरलासुरला दणका लांब सस्पेन्शन गिळतं. हंगामात ट्रॉलीतून सांडलेल्या उसावरूनही गाडी निमूट पार होते. तेव्हा गाडी घ्यावी की नाही यावर वादच नाही. वाद आहे तो कोणती घ्यावी यावर, आणि तिथे मंडळी एचपी, टॉर्क आणि रायडिंग मोड यांच्यात अडकतात. माझं मत विचाराल तर या जातीच्या सगळ्याच गाड्या चालताना उत्तम असतात. अब्रू जाते ती शून्य वेगाला. म्हणून गाडी चालवून निवडू नये, थांबवून निवडावी.

आकडे समोर ठेवू. घरोघरीची स्प्लेंडर : सीटची उंची ७८५ मिलिमीटर, वजन ११२ किलो. हिरोची एक्सपल्स २०० फोर व्ही : सीट ८२५, वजन १५८च्या आसपास. २०२५ साली आलेली एक्सपल्स २१० : ८३० आणि १६८. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० : ८२५ आणि १९६. कावासाकीची केएलएक्स २३० : सीट ८८०, वजन मात्र १३९. ऑफरोडवाल्या चौघींत सगळ्यात हलकी तीच आणि सगळ्यात उंचही तीच. म्हणजे ज्याचे पाय टेकत नाहीत, त्यालाच हलक्या गाडीची खरी गरज, आणि नेमका त्यालाच तिच्यावर बसायला कट्टा शोधावा लागणार. हा कारभार कुणी ठरवला कोण जाणे, पण त्यामागे कारण आहे. खडकावरून न्यायची गाडी हलकी हवी, आणि पोट खडकाला घासू नये म्हणून उंचही हवी. आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खडक होता, राजवाड्याची भाजी मंडई नव्हती.

शोरूमला जाण्याआधी घरी पायाचं माप घ्यावं. अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पायांत सहा-सात इंचांचं अंतर ठेवून उभं राहायचं. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून सीटवर बसल्यासारखं घट्ट वर ओढायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. दार लावून घ्यावं, कारण घरच्यांनी या अवस्थेत पाहिलं तर खुलासा करण्यात संध्याकाळ जाते. पुस्तक ओढताना भीड ठेवू नये. दोन सेंटिमीटरची भीड पुढे भर रस्त्यात वसूल होते. साडेपाच फुटी माणसाचं हे माप साधारण ७५ ते ७८ सेंटिमीटर भरतं. बुटाच्या तळव्याचे दोन-तीन सेंटिमीटर त्यात मिळवा.

आता माहितीपत्रकातला ८२५ हा आकडा रिकाम्या गाडीचा. स्वार बसला की सस्पेन्शन आपल्या एकूण चालीच्या, म्हणजे वर-खाली होण्याच्या अंतराच्या, चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढं दबतं. एक्सपल्स २००ला पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटरची चाल आहे, म्हणजे चाळीस ते साठ मिलिमीटर बसल्या बसल्या वजा. उरले पावणेआठशे, थोडे इकडेतिकडे. साडेपाच फुटी माणसाचे दोन्ही चवडे टेकायला तेवढं पुरतं. मात्र सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि वाचवलेली उंची तिथेच खर्ची पडते. म्हणून आकडा पाहून झाला तरी बूड टेकवल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

चवडे टेकले म्हणजे जिंकलो, असं सपाट गावात म्हणता येतं. साताऱ्यात रस्ता एकतर चढतो नाहीतर उतरतो, आणि शिवाय कडेला कलतोही. थांबल्यावर डावा पाय टाकायला जावं तर तिकडे रस्ता चार इंच खाली गेलेला असतो. ऑफरोड गाडीवरून पडणारी बहुतेक माणसं डोंगरात पडत नाहीत, अशी सिग्नलला पडतात, हळूहळू, सगळ्यांना पुरेसा वेळ देऊन.

तेव्हा विक्रेता ‘एक राउंड मारून या’ म्हणाला की नम्रपणे नको म्हणावं आणि इंजिन बंद ठेवून गाडी उतारावर लावायला सांगावी. सीटवर बसून पायांनी दहा फूट मागे ढकलून पाहावी. साइड स्टँड पायाने सापडतो का, बसल्या जागेवरून तो वर घेता येतो का, हे बघावं. मग खाली उतरून, डाव्या बाजूला उभं राहून, पुढच्या ब्रेकवर बोटं ठेवून गाडी अर्धं वर्तुळ फिरवावी. एवढ्यानं घाम फुटला तर ती गाडी आपली नव्हे. राउंड त्यानंतर मारावा. दुकानदार वैतागेल, पण गाडी रोज त्याला काढायची नाही.

‘साहेब, खाली करून देतो’ हे वाक्य मात्र सावधपणे ऐकावं. खाली करण्याचे तीन मार्ग. पहिला, सीटचा फोम वीस-पंचवीस मिलिमीटर तासणं. गाडीच्या वागण्यात काही फरक नाही, फरक बुडाला. दुसरा, मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, कमी करणं. फुकटात होतं, पण मागे माणूस बसला की प्रत्येक स्पीडब्रेकरला शॉकअप तळाला जाऊन आदळतो. तिसरा, शॉकअपची लिंक बदलणं. यात मागची बाजू खाली बसते आणि पुढचा फोर्क क्लॅम्पमध्ये तेवढाच वर सरकवला नाही, तर हँडल सैल आणि वळायला आळशी होतं. शिवाय साइड स्टँड होता तेवढाच लांब राहतो. पूर्वी डावीकडे कलून निवांत उभी राहणारी गाडी आता जवळजवळ ताठ उभी राहते आणि शेजारून एसटी गेली की उजवीकडे आडवी. लिंक बदलली तर स्टँड कापून घ्यावाच लागतो. मी पहिल्या मार्गाच्या पुढे जाऊ नये म्हणेन.

गाडी आडवी होणार हे गृहीतच धरावं आणि उचलायची कशी ते आधी शिकावं. इंजिन बंद. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, नाहीतर उचलल्या उचलल्या ती डावीकडे जाते. गियरमध्ये असू द्यावी, म्हणजे घरंगळत नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवून, गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, एक हात खालच्या ग्रिपवर, दुसरा मागच्या रॅकवर, आणि कंबर न वाकवता पायांच्या जोरावर पाठीने रेटत मागे चालायचं. १५८ किलो असे उचलता येतात. १९६ किलोलाही हीच रीत लागू, फक्त तेव्हा ‘अण्णा, जरा हात लावा’ हे शब्द जोडावे लागतात.

याच साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात एके काळी प्रिया स्कूटर तयार होत होती. त्यामुळे इथली जुनी पिढी कुठलंही वाहन दोन कसोट्यांवर पारखते : पुढे डबा मावतो का, आणि स्टेपनी आहे का. आपली ऑफरोड गाडी दोन्हीत नापास. दळणाचा डबा पुढे ठेवायला फळी नाही; मागच्या रॅकवर बांधला तर दहा किलो वजन भलतंच उंच जातं आणि थांबताना गाडी अचानक कलते. डबा नको, पिशवी घ्यावी, सीटवरच आडवी ठेवून दोन इलॅस्टिक दोऱ्यांनी आवळावी. आई मागे बसणार असेल तर तो वेगळाच गिर्यारोहणाचा प्रकार. चालवणाऱ्याने आधी दोन्ही पाय टेकून, पुढचा ब्रेक दाबून ‘बस’ म्हणावं, मग आईने डावा पाय फूटरेस्टवर ठेवून त्याच्या खांद्याला धरून वर यावं. ‘बस’ म्हणण्याआधीच चढलं तर दोघंही उतरतात. साडी गार्ड मात्र ‘लूक जातो’ म्हणून काढून टाकू नये. नियमाने तो लागतोच आणि पदर चेनमध्ये जाण्यापेक्षा लूक गेलेला बरा.

आता स्टेपनी. या गाड्यांना तारेच्या स्पोकची चाकं असतात, कारण खडकावर आदळल्यावर ती वाकतात, तडकत नाहीत. पण स्पोकसाठी रिमला भोकं, भोकं म्हणून बहुधा आत ट्यूब, आणि ट्यूब म्हणून पंक्चर झालं की चाक काढणं आलं. मागची १८ इंची (हिमालयनला १७) ट्यूब कुठेही मिळते. पुढच्या २१ इंचीचं नाव काढलं की पंक्चरवाले मामा आधी आपल्याकडे आणि मग चाकाकडे बघतात. म्हणून गाडीसोबतच २१ची जादा ट्यूब, टायर उचकटायच्या दोन टॉमी, ॲक्सलच्या नटाचा पाना आणि हातपंप घेऊन ठेवावा. २१ची ट्यूब नड भागवायला मागच्या १८च्या टायरमध्ये दुमडून घालता येते, हळू चालवत घर गाठता येतं. उलटं करू नये. हवा मात्र स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच ठेवावी. ‘ऑफरोडला कमी हवा’ हे ऐकून शहरात कमी हवेने फिरलं, की खड्ड्याच्या धारेवर ट्यूब रिमखाली चेंगरते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. मोठ्या गोट्यांचे चिखली टायरही असेच भुलवतात. ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी आणि यवतेश्वरच्या वळणावर ते कळायला नको.

अगदी कमी अंतराचा आणखी एक त्रास आहे, जो कुठल्याही जाहिरातीत नसतो. तीन किलोमीटरमध्ये इंजिन धड तापत नाही. पेट्रोल जळताना तयार होणारं पाणी वाफ होऊन जायला तेल चांगलं गरम व्हावं लागतं, नाहीतर ते तेलातच मुरतं आणि ऑइलच्या झाकणाखाली पिवळट लोण्यासारखा थर धरतो. आपल्या पावसात तर हमखास. म्हणून ऑइल किलोमीटरवर न बदलता महिन्यांवर बदलावं, पुस्तिकेतली मुदत गाठली की झालं. बॅटरीचंही तेच. सेल्फने ओढलेला करंट दहा मिनिटांच्या फेरीत पुरता भरून निघत नाही. यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा गाडी सलग अर्धा तास पळवणं. इथे यवतेश्वरची फेरी ‘उनाडक्या’ या सदरातून निघून ‘देखभाल’ या सदरात जाते, हे घरी समजावून सांगता येतं. बॅटरी बसलीच, तर राजवाड्यावरून पोवई नाक्यापर्यंत उतारच आहे : दुसरा गियर, क्लच दाबून सोडायची, वेग आला की क्लच सोडायचा. पण फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला पेट्रोलचा पंप चालवण्यापुरता तरी करंट लागतो. बॅटरी पार मेलेली असेल तर नुसतंच पोवई नाक्यावर पोचता येतं.

गाडी घरी आली की शेजारचे काका, दूधवाले, सोसायटीचे वॉचमन एकच प्रश्न विचारतात : ‘किती देती?’ कमी सांगितलं तर कीव करतात, जास्त सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत. खरं सांगावं आणि पुढे चालू लागावं.

शेवटी ॲक्सेसरीज, जिथे शहाणी माणसंही वाहवतात. जादा पेट्रोलचे कॅन, लोखंडी पेट्या, घाटात समोरच्याला आंधळं करणारे दिवे. एक्सपल्सची टाकी १३ लिटरची. ३५चं ॲव्हरेज धरलं तरी साडेचारशे किलोमीटर, म्हणजे गोडोली-राजवाडा जाऊन-येऊन पासष्ट ते पंचाहत्तर फेऱ्या. त्यात कॅन कधी उघडणार? पेट्यांमुळे गाडी एवढी रुंद होते की मंडईच्या गल्लीत भाजीवाल्या मावशी पेटीवरच कोथिंबीर ठेवतात. पहिला खर्च हँडगार्डवर करावा, कारण आडवी झालेली गाडी आधी क्लचचा लिव्हर मोडते. दुसरा, साइड स्टँडच्या तळाला रुंद पत्रा वेल्ड करून घेण्यावर, म्हणजे पावसात भुसभुशीत मातीत स्टँड रुतणार नाही. आणि उतारावर लावताना गाडीचं तोंड चढाकडे, पहिला गियर टाकून.