खुलासा: पाककृतींच्या जुन्या वहीतला शेर म्हणजे किलो नव्हे
'आजीच्या वहीतला एक शेर म्हणजे एक किलो' हा संदेश मीही पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने येण्यापूर्वी वजनाचा प्रमाण शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा होता, तर पावशेर सुमारे २३३ ग्रॅमचा. त्याहून मोठा घोटाळा असा, की धान्य-डाळींचा शेर बहुधा वजनाचा नसून मापाचा, म्हणजे भांडे भरून मोजण्याचा असे: दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. आमच्या घरच्या पितळी चिपट्यात पोहे आणि हरभराडाळ आलटून पालटून भरून तोलली, तेव्हा माप तेच राहूनही काटा पार वेगळा दिसला. भाजणीचे प्रमाण त्यामुळे मापानेच घ्यावे. कृपया तो जुना संदेश पुढे पाठवू नये.