आधी रिंग खाली आणा
बास्केटबॉल शिकवण्यावरच्या लेखात म्हटलंय, सात-आठ वर्षांच्या मुलांना पहिल्या दिवसापासून शूटिंग (रिंगमध्ये बॉल टाकणं) द्या, गोडी लागते. गोडी लागेल हो, पण हात बिघडतो त्याचं काय? ३.०५ मीटरवरच्या रिंगपर्यंत ७ नंबरचा, म्हणजे मोठ्यांचा बॉल पोचवायला पोरं तो कमरेपासून भिरकावतात आणि ती सवय मग सुटता सुटत नाही. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर नि बॉल लहान, ५ नंबरचा असतो, तो काय उगाच? आमच्या दादरच्या सोसायटीत रिंगच नाही (बरंच झालं म्हणा), म्हणून मी पार्किंगमध्ये नुसतं ड्रिबलिंग (बॉल जमिनीवर टप्पे देत खेळवणं) घेतो. गुडघे वाकवून, तळहात न लावता, बोटांनी. मी हाताची बोटं दाखवतो, पोरांनी ड्रिबल चालू ठेवून आकडा ओरडायचा. नजर आपोआप वर राहते. तळमजल्यावरच्या काकू मात्र वैतागल्यात.